टाचेतला थेंब

ईरम्मा सिस्टरने बाळाची टाच कोमट फडक्यात गुंडाळून मुठीत धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग फडकं सोडलं आणि बारीक सुई टोचली. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या अभिमन्यूबुवांचा उजवा पाय आपोआप चपलेतून वर आला.

थेंब वर आला, फुगला, आणि काडीएवढ्या काचेच्या नळीत ओढला गेला. बाळाने ओठांचा चंबू केला, कपाळाला आठी घातली. रडलं मात्र नाही.

"रडला न्हाय," बुवा जावयाला म्हणाले.

"काल पण नाही रडला." अमृतने काचेला कपाळ टेकवलं होतं. "डॉक्टर म्हणल्या, अंगात ताकद आली की रडंल."

"टोचल्यावर रडाय ताकद लागती व्हय?"

अमृतला कारखान्यात पाळीला जायचं होतं. निळा शर्ट अंगात होताच. मोबाइलमधली वेळ तो बघत होता आणि बघितलेलं सासऱ्याला कळू नये म्हणून फोन परत परत खिशात घालत होता.

"जावा तुमी, अमृतराव," बुवा म्हणाले. "मी हाय की हितं."

बुवा नातेपुत्याजवळच्या वाडीहून आले होते ते एका दिवसाच्या बोलीने. लेकीला, अंकिताला, भेटायचं, नातवाचं तोंड बघायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत. सोलापुरात उतरून दवाखान्यात येतात तो नातू आईजवळ नव्हता. काचेच्या खोलीत, एका उबदार पेटीत, छातीला तारा लावून निजला होता. मग त्यांनी मथुराबाईंना, बायकोला, फोन केला. "जनावरांचं बघ, मी राहतो," एवढंच बोलले. पुढचं तिने विचारलं नाही.

तिकडच्या दहा-वीस गावांत ते गेली तीस वर्षं कीर्तन करत होते. लोक त्यांना बुवा म्हणत, घरात ते आप्पा होते, आणि इथे ईरम्मा सिस्टरने पहिल्याच सकाळी त्यांना कानडीतलं अज्जा करून टाकलं होतं. त्यांना ते बरं वाटलं. फेटा-उपरणं घरी होतं. अंगात साधा सदरा, डोक्याला टोपी. कीर्तनकार म्हटलं की माणसं पायावर डोकं ठेवतात आणि धीराचे दोन शब्द मागतात. इथे कुणी मागत नव्हतं. मागितले असते तर द्यायला त्यांच्यापाशी नव्हते.

सिस्टर नळी घेऊन बाहेर आली.

"अज्जा, काच पुसायला ठेवलंय का तुमाला? सगळा श्वास तुमचाच बसलाय बगा तितं."

"ह्याचं कवा कळंल, बाई?"

"दुपारी. आकडा खाली आला तर मॅडम स्वतः सांगत्यात. तुमी जेवून घ्या की आदी."

आकडा. गेले तीन दिवस या घराचं सगळं बोलणं त्या एका शब्दाभोवती फिरत होतं. बाळ जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं, आवाज खणखणीत होता, दूध ओढत होतं. तरी डॉक्टर श्रीदेवींनी जन्मल्यावर त्याचं रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, आणि बाळ आईच्या कुशीत झोपलेलं असताना येऊन सांगितलं की आकडा वाढलाय, याला आत घ्यायला हवं. अंकिताच्या सासूबाई, विजयमालाबाई, भांडायलाच उठल्या. धडधाकट लेकरू हाय, आकड्यासाठी कुणी आईपासनं तोडतं काय, म्हणाल्या. संध्याकाळी बाळाने दूध सोडलं. श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. पण तोवर त्याच्या इवल्या हाताला सलाइन लागलं होतं आणि त्यातून औषध दुपारपासूनच जात होतं. विजयमालाबाई नंतर भांडल्या नाहीत. घरी जाऊन देवापुढे बसल्या, आणि तेव्हापासून दोन वेळचा डबा तेवढा मुकाट्याने पाठवत होत्या.

बुवांनी डॉक्टरांना थांबवून विचारलं होतं, हा आकडा कशाचा?

"जंतू अंगात शिरले की आपल्याला कळायच्या आधी अंगाला कळतं, आजोबा," त्या म्हणाल्या होत्या. "रक्तात काही गोष्टी वाढायला लागतात. ताप नंतर येतो, दूध नंतर सुटतं. नेमका जंतू कुठला, ते रक्त कल्चरला घालून बघायला दोन-तीन दिवस जातात. एवढ्याशा बाळाला तेवढा वेळ नसतो. म्हणून आम्ही हे दोन आकडे बघतो. एक सीआरपी, तो जरा सावकाश चढतो. दुसरा प्रोकॅल्सिटोनिन, तो लवकर सांगतो."

"प्रो..."

"नुसतं पीसीटी म्हणा."

बुवांची जुनी खोड होती. काही नवं ऐकलं की त्याचा दृष्टांत कसा होईल हे मनात जुळवायला लागायचे. विहिरीवरची मोटर असो की कुणाचा तुटलेला संसार, त्यांना त्यात देवाकडे जाणारी एक पायवाट दिसायची. डॉक्टर बोलत होत्या तेव्हाही आत काहीतरी जुळू लागलं. लेकरू तोंडाने सांगू शकत नाही तर त्याचं रक्त त्याच्या वतीने हाका मारतं. तशी जिवाची हाक... आणि तिथेच ते अडले. त्या हाकेच्या मागोमाग दुसरं एक बाळ आलं.

दोन वर्षांपूर्वीचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून अंकिता वाडीला आली होती. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात मुलगा झाला. तोही असाच गुटगुटीत, असाच दूध ओढणारा. तिसऱ्या दिवशी मलूल पडला. डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं, गाडी मिळाली, आणि मोहोळ मागे पडल्यावर अंकिताने पुढच्या सीटवर बसलेल्या बापाच्या पाठीला नुसता हात लावला. गाडी तिथूनच परत फिरली. रक्तात जंतू निघाल्याचा रिपोर्ट नंतर फोनवर कळला. बुवांनी तो शेतात, पिकाला पाणी देत दारं मोडताना, गुडघाभर चिखलात उभं राहून ऐकला. बारसं व्हायचं होतं म्हणून नाव नव्हतं. ते त्याला मांडीवर घेऊन माउली म्हणायचे, तेवढंच. आणि अंकिताचं दूध काही केल्या आटत नव्हतं. ती परसात जाऊन ते जाईच्या बुंध्याशी पिळून टाकायची. हे मथुराबाईंनी त्यांना सांगितलं, आणि सांगून झाल्यावर, तुम्हाला कशाला सांगितलं मी, असं म्हणून डोळ्याला पदर लावला.

तेव्हा बुवांनी लेकीला जवळ बसवलं होतं. "ठेव हुती पोरी. ज्याची त्यानं नेली. आपल्या हातात कायबी नव्हतं."

तिने मान हलवली होती. त्या एका वाक्यावर घराने दोन वर्षं काढली. ती परत सोलापूरला गेली, हसायला लागली, पुन्हा दिवस राहिले. आणि आता इथे एक बाई सांगत होती की रक्ताचा एक थेंब आधी सांगतो. ही तपासणी तेव्हाही असेल तर? असेल तर ते वाक्य खोटं होतं. बुवांना स्वतःचं काही वाटत नव्हतं, खोटं निघालं तर ते देवाशी भांडून घेतील. पण अंकिताला हे कळता कामा नये. एका लेकरासाठी ती आधीच जीव टांगून बसली आहे. पहिल्यालाही वाचवता आलं असतं हे तिला कळलं तर ती कुठल्या अंगाने झोपेल?

त्यांनी काचेवरची वाफ टोपीने पुसली आणि ते वॉर्डाकडे निघाले.

अंकिताच्या खाटेला चादरीचा आडोसा केला होता. बुवा दाराशीच खाकरले आणि पाठ फिरवून उभे राहिले. थोड्या वेळाने ती स्टीलची वाटी घेऊन बाहेर आली. वाटीवर स्वच्छ रुमाल होता.

"आप्पा, एवढं सिस्टरपाशी देऊन या. सांडू नका."

"सांडतो व्हय मी? पंगतीत तूप वाढलंय जन्मभर."

त्यांनी वाटी दोन्ही हातांत घेतली आणि तीर्थाची पळी न्यावी तसे चालत गेले. परत आले तेव्हा ती खाटेच्या कडेवर बसून होती. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं; मांडीवर ठेवले, मग उचलून काखेत घातले.

"घेतलं का त्यानं?"

"नळीनं दिलं सिस्टरनं. समदं गेलं पोटात."

"रक्त काढताना रडला का?"

"कुरकुरला जरा."

"कुरकुरला म्हणजे कसा?"

"कसा म्हंजे? कुरकुरला."

"करून दाखवा की, आप्पा."

कीर्तनात ते रानातला कोल्हा करत, रुसलेली सून करत, यशोदेच्या मांडीवरचा कान्हाही करत. आता त्यांनी इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या खाटेवरची बाई, मायाक्का, तिसरी मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. बुवांनी ओठ चिमटीत धरल्यासारखे केले आणि नाकातून एक बारीक, नाराज, ओलसर आवाज काढला.

मायाक्काने वळून बघितलं. "अगं बाई, हे कोण रडलं?" म्हणाली आणि फिसकन हसली.

अंकिता हसली नाही. ती पुढे झुकली होती.

"आणि एकदा."

त्यांनी आणि एकदा केला. तिचे डोळे मिटले होते. हात काखेतून सुटून पुढे आले होते, तळवे वर, एक जरा खाली आणि एक वर, जसं डोकं कुठे आणि कूस कुठे हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि..."

"आता पुरं. म्हातारा घसा हाय," बुवा म्हणाले, आणि त्यांनी खरंच घसा साफ केला.

डोळे उघडून तिने चादरीची घडी नीट केली.

"आप्पा, ह्या रक्ताच्या तपासण्या..."

"अगं, डबा आलाय का घरनं?" ते एकदम उठले. "सासूबाईंनी आज काय दिलंय बघू. उपाशी बसलीस तर दूध कुठनं यायचं? खा तू. मी आलोच."

ती काय विचारणार ते त्यांना कळलं होतं. तिने डॉक्टरांना विचारायच्या आत आपण डॉक्टरांना गाठलं पाहिजे. चपला पायात नीट न घालताच ते लांब बोळातून चालत राहिले.

डॉक्टर श्रीदेवी आपल्या खोलीत उभ्यानेच जेवत होत्या. डाव्या हातात फोन, उजव्या हातात भाकरीचा तुकडा. बुवांना बघून त्यांनी फोन ठेवला.

"बरं झालं तुम्हीच आलात. मी येणारच होते. आकडा उतरला, आजोबा. परवाच्या निम्म्यावर आलाय. बाळ सकाळपासून ऑक्सिजनशिवाय आहे. आज आईला अंगावर पाजून बघू देत."

बुवांनी दाराची चौकट धरली. त्यांनी टोपी काढली, घडी केली आणि पुन्हा घातली.

"बसा की. भाकरी खाणार का अर्धी? शेंगाची चटणी आहे."

"न्हाय, न्हाय. तुमी खावा, बाई." ते खुर्चीच्या टोकावर टेकले. "एक इचारायचं हुतं. ही तपासणी... ही आत्ताच निघालीय न्हवं? दोन वर्सांमागं नसंल."

डॉक्टरांनी भाकरी डब्यात ठेवली.

"होती. सीआरपी तर किती वर्षं झाली, तालुक्यालाही होते. दुसरी इथे सोलापुरात होत होती. का?"

बुवा खुर्ची पुढे ओढून, कुणी ऐकेल म्हणून आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाई, माजी लेक तुमाला इचारंल. आज न्हाय तर उद्या. तवा एवढं करा. तवा नव्हती म्हना. ईतभर खोटं हाय, त्याचं पाप माज्यावर घ्यायला मी तयार हाय. पहिलं गेलं ते देवाच्या मर्जीनं गेलं, असं म्हणून ती जगलीय. ते काढून घिऊ नका तिच्याकडनं."

"आजोबा," डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे."

"काय?"

"दाखल झाल्या त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटतच होतं." त्यांनी हात धुतला, रुमालाला पुसला. "खरं सांगू का, हे बाळ मी वाचवलं नाही. त्यांनी वाचवलं. या वेळी पाणी सुटल्या सुटल्या नेसल्या लुगड्यानिशी रिक्षात बसून आल्या. कळा लांबल्या, बाळंत व्हायला दुसरा दिवस उजाडला, तो भाग वेगळा. पण आल्या आल्या मागचं सगळं सांगितलं. ते ऐकलं म्हणून मी बाळ चांगलं दिसत असतानाही रक्त पुन्हा काढलं. पाणी जाऊन फार वेळ गेला की जंतू आत चढतात. मागच्या वेळी हेच कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं."

"मागच्या येळी कळा आल्यावरच गेलो की आमी दवाखान्यात," बुवा म्हणाले. "पानी आदी गेलं असं काय बोलली न्हवती ती."

"कळा दुसऱ्या दिवशी आल्या. पाणी आदल्या रात्री गेलं. कुठल्याशा कीर्तनाला बसल्या होत्या म्हणे." डॉक्टर कागद गोळा करत होत्या. "कळलं होतं त्यांना. पण भरल्या कीर्तनातून समोरून उठून जायचं कसं, म्हणून शेवटपर्यंत बसून राहिल्या. पुढे जेवणं, पाहुणे. मग लाजेनं सांगायचं राहिलं. आपल्याकडे बायका असंच करतात, आजोबा. मी तरी कुणाकुणाला ओरडू?"

"कुणाचं कीर्तन... ते बोलली का?"

"ते मी कशाला विचारू?" डॉक्टर म्हणाल्या. दारात कुणी तरी त्यांना बोलवायला आलं होतं. जाताना त्यांनी बुवांच्या खांद्याला हात लावला. "आज आनंदाचा दिवस आहे. जा, लेकीला आकडा सांगा."

बुवा उठले, पण वॉर्डाकडे गेले नाहीत. बोळाच्या टोकाला जिना होता, तिथल्या पायरीवर बसले. उन्हाने तापलेली भिंत पाठीला लागत होती.

त्यांना ते कीर्तन सगळं आठवत होतं. गावच्या सप्त्यातलं होतं. अंकिताचे सासू-सासरे पहिल्यांदाच ऐकायला आले होते, सोलापूरची माणसं, म्हणून बुवांनी दुपारपासून घशाला खडीसाखर लावून ठेवली होती. देवळात डाव्या हाताला, मूर्तीजवळ, बायकांची बैठक; पहिल्या रांगेत, सासूच्या शेजारी, भरल्या दिवसांची अंकिता. बाहेर पडायचं तर टाळकऱ्यांच्या मधून, बुवांच्या तोंडासमोरून आणि सगळ्या गड्यांच्या बैठकीतून जावं लागायचं. ते उभे राहिले आणि अर्ध्या तासाने त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं. ती हलत नव्हती. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीत गच्च, डोळे त्यांच्यावर लागलेले आणि पाण्याने भरलेले. लहानपणी ती कीर्तनात हमखास झोपायची. आज माझी पोर ऐकतेय, असं त्यांना वाटलं. असं कुणी ऐकलं नव्हतं आजवर. त्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज चढला. संपत आलेलं कीर्तन संपवलं नाही. आणखी एक आख्यान लावलं. यशोदेचंच. लोक डोलायला लागले. टाळकरी घामाघूम झाले. आयुष्यात इतकं रंगलेलं कीर्तन आपलं दुसरं नाही, असं ते पुढे कितीदा तरी मित्रांना म्हणाले होते.

जिन्यावरून एक म्हातारी हळूहळू वर आली, त्यांना ओलांडून गेली. "सरकून बसा की बाबा," म्हणाली. ते सरकले.

देवाशी भांडायचं ठरवलं होतं, पण भांडायला तोंड राहिलं नव्हतं. आणि नवल म्हणजे, त्यांना देव दूर गेल्यासारखाही वाटेना. तिथेच कुठे तरी, त्या तापल्या भिंतीशी, आपल्यासारखाच खाली मान घालून बसला असेल असं वाटत राहिलं. त्यांना लेकीची दोन वर्षं दिसत होती. बाप म्हणाला, आपल्या हातात काही नव्हतं. आणि तिने मान हलवली. बापाचं वाक्य मोडू नये म्हणून हलवली. तेव्हाही ती उठली नव्हती.

बऱ्याच वेळाने ते उठले. नळावर तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि वॉर्डात आले.

"आकडा निम्म्यावर आला," ते दारातूनच म्हणाले. "आज अंगावर पाजायचं म्हणल्यात बाई."

अंकिताने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. मायाक्का खाटेवरून उतरून तिच्याजवळ आली, तिची पाठ चोळू लागली. "रडू नको गं, दूध खारट हुतं," म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसू लागली. नंतर ती आपल्या मुलीला उचलून घेऊन आली आणि, जरा धर बघू हिला, माझी लेक पायगुणाची आहे, असं म्हणत अंकिताच्या मांडीवर ठेवू लागली.

"नको," अंकिता म्हणाली. "आधी त्यालाच घेते. रागावू नको, अक्का."

मग ती केस विंचरायला बसली. आत जाताना केस बांधून, टोपी घालून, कोपरापर्यंत हात धुऊन जावं लागायचं. सिस्टरने बोलवायचीच ती वाट बघत होती. बुवा खाटेपाशी, भिंत आणि खाट यांच्यामधल्या अरुंद जागेत स्टुलावर बसले. पाय लांब केले. तिच्याकडे बघावं असं त्यांना वाटत होतं आणि बघवत नव्हतं.

त्यांचा फोन वाजला. गावातला भीमा होता. सप्त्याचं सगळं तोच बघायचा.

"बुवा, नातू कसा हाय?"

"उतारा पडलाय. देवाची दया."

"ब्येस झालं. मग यंदाचं तुमचं कीर्तन धरू न्हवं? पत्रिका छापायला टाकायचीय. दरसालची शेवटची रात तुमचीच."

अंकिताच्या केसांतून कंगवा फिरत होता, त्याचा आवाज येत होता.

"धर," ते म्हणाले. "पन एक काम करायचं. बायकांची बैठक या खेपेला दाराकडं घ्यायची. गडी मानसं मूर्तीकडं."

"का ओ? कवापासनं बाया मूर्तीजवळ बसत्यात. तुमच्या म्होरं."

"म्हणूनच. मधी उठायचं झालं तर टाळकऱ्यातनं, माज्या तोंडाम्होरनं जावं लागतं त्यास्नी. न्हाय उठत मग. बसून ऱ्हात्यात."

"कीर्तनातनं उठायचं कशाला पन?"

"काय बी असंल. मला कशाला सांगतील त्या?"

कंगवा थांबला.

"आन मी उभा ऱ्हायलो की आदी हेच सांगनार हाय समद्यास्नी," बुवा फोनमध्ये बोलत होते. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. "जिला उठावं वाटलं तिनं उठायचं. मला इचारायचं न्हाय. देवाला बी इचारायचं न्हाय."

पलीकडे भीमा मोठ्याने हसला. "अवो बुवा, मग निम्म्या बाया भाकरी थापायला पळतील की! तुमच्या म्होरं मी आन देवळाचं खांब."

"पळू दे. खांबाम्होरं करीन. कधीतरी केलं पायजे."

"तुमी म्हणाल तसं. पन म्हाताऱ्या कटकट करतील बगा, मूर्ती दिसत न्हाय म्हणून..."

"अंकिता! बाळाची आई! चला लवकर, उठलंय बगा पोरगं," दारातून ईरम्मा सिस्टरची हाक आली.

अंकिता उठली. बुवांचे लांब केलेले पाय तिच्या वाटेत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी वर बघितलं नाही, फोनही खाली ठेवला नाही.

"म्हाताऱ्यांचं मी बघतो," ते भीमाला म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी दोन्ही पाय आत ओढून घेतले.

जागा अरुंद होती. तिने तोल सांभाळायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला, आणि त्यांचं बोलणं चालू असतानाच त्यांच्या समोरून निघून गेली.